खडकावरचा शेवटचा थेंब

भुताखेतांना आमच्या घरात कधी जागा नव्हती. आजोबांनी धर्म बदलला त्या दिवशी देव्हाऱ्याबरोबर भुतंही घराबाहेर काढली, असं बाबा अभिमानाने सांगायचे. अंगात येणं, नजर लागणं, लिंबू-मिरची — आमच्याकडे या सगळ्यावर हसायची रीत. त्यात मी बी.एस्सी. केमिस्ट्री. आमच्या अख्ख्या घराण्यातला पहिला पदवीधर. ही फुशारकी आहे असं कोणाला वाटेल... तर हो, फुशारकीच आहे. बाबांनी गौलीगुड्याच्या बसस्टँडजवळच्या गोदामांत पोती उचलून मला शिकवलं, मी फुशारकी मारणारच. पण याच फुशारकीने पुढे काय केलं तेही लिहिणार आहे. म्हणून आधीच सांगतो, की भुतांच्या अनुभवांच्या या सदरात लिहायची वेळ माझ्यावर येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. आणि ही गोष्ट भुताची आहे की नाही, तेही मला नक्की ठाऊक नाही.

आम्ही मूळचे नांदेडकडचे. माझा जन्म मात्र हैदराबादचा. तेलुगू बोलतो झकास, पण लिहिता-वाचता येत नाही. मराठी शाळेत शिकलो, नंतर विद्यानगरला कॉलेज. तिथे दोन मित्र मिळाले. सुधीर पुण्याच्या ब्राह्मण घरातला, वडिलांच्या बदलीमुळे इकडे आलेला. ख्वाजा अस्सल हैदराबादी, मामूच्या गोदामावर बसणारा, मामूचीच जीप फिरवणारा. कॉलेज संपल्यावर सुधीर कॉम्प्युटरमध्ये गेला, मी कुकटपल्लीच्या पुढच्या इंडस्ट्रियल एरियात एका औषधाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला लागलो.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. ज्याला त्याला अमेरिका दिसत होती. सुधीर कंपनीकडून सहा महिने तिकडे राहून आला, आणि येताना काय आणावं माणसाने? कोणी परफ्यूम आणतं, कोणी व्हीसीआर. याने धनुष्यबाण आणला.

आपल्या डोक्यात असतो तसा नाही. दोन्ही टोकांना चाकं, त्यावरून केबल फिरवलेली. ओढताना आधी जड लागतं, आणि शेवटी एकदम हलकं होतं — नेम धरून आरामात उभं राहता येतं. बाणाची टोकं ब्लेडसारखी.

"तिकडे लोक वीकेंडला हरणं मारायला जातात," सुधीर म्हणाला. "आवाज नाही, धूर नाही. एकदम क्लीन स्पोर्ट."

"तू कायका शिकार करतो मियाँ," ख्वाजा म्हणाला. "तेरे घर में तो अंडा बी कागज में लपेट के लाना पडता!"

"मारायचं म्हणजे खायचं असं थोडंच आहे?"

"हौ, और हरन कू जाके ये समझा तू."

हसण्यावारी गेलं ते. पण ख्वाजाच्या मामूच्या गोदामामागे एक मोकळा प्लॉट होता, तिथे चिंध्या भरलेली पोती लावून आम्ही दर रविवारी सराव सुरू केला. आणि त्यात सगळ्यात चांगला निघालो मी. पंचवीस पावलांवरून पोत्यावरच्या खडूच्या वर्तुळात पाचातले चार बाण. सुधीरचे निम्मे भिंतीवर. मला याचा इतका आनंद झाला, की रविवारी सकाळी विहारात जायचं मी बंद केलं. प्राण्याची हिंसा करणार नाही, हे पंचशीलातलं पहिलं शील. लहानपणापासून दर रविवारी हात जोडून म्हणत आलेलो. आई दोनदा विचारून गप्प बसली.

मग एप्रिलमध्ये आम्ही निघालो. शहरापासून जीपने साडेतीन तासांवर एक रान आहे. नाव मुद्दाम देत नाही. रानाच्या कडेला मामूची थोडी जमीन होती, तिच्यावर राखणीला असायचा मल्लय्या. साठीचा, काटक, खांद्यावर घोंगडी, कमरेला विळा. मध काढणं, डिंक गोळा करणं हे त्याचं काम. त्याला रान पाठ होतं. शिकारीला बंदी आहे हे आम्हा तिघांनाही पक्कं माहीत होतं, यात कोणी गैरसमज करून घेऊ नये. मल्लय्यालाही माहीत होतं. पण मालकाचा भाचा म्हणाला चल, तर तो नाही कसं म्हणणार?

पहाटे पाणवठ्याजवळ दगडाआड बसलो. धनुष्य माझ्या हातात. चांगलं उजाडलं तेव्हा चितळाच्या माद्या आल्या, चार-पाच. एक जरा अलीकडे थांबली. मी ओढलं, हलकं झालं, सोडलं... ती उभ्या जागी उडाली, पाठीची कमान झाली आणि पाचोळा तुडवत गेली.

"लागलं! उत्तम्या, लागलं रे!" सुधीरने माझ्या पाठीत गुद्दा घातला.

बाण पलीकडे मातीत रुतला होता. मल्लय्याने तो उचलला, नाकाजवळ नेला आणि त्याचा चेहरा उतरला. "पेट को लगा, सारू," तो म्हणाला. "मरेगा, मगर टाइम लेगा. अब्बी पीछे नई जाना. दोपहर तक बैठो. उसको लेटने देओ."

दुपारपर्यंत कोण बसणार? सुधीरला संध्याकाळी घरी पोचायचं होतं, सोमवारी ऑफिसात कसलासा महत्त्वाचा दिवस. अर्ध्या तासात त्याने आम्हाला उठवलं. मल्लय्या पुढे झाला.

रक्ताचा माग काढणं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पानावर एक थेंब, मग दहा पावलांनी गवताच्या काडीवर एक. प्रत्येक थेंबापाशी मल्लय्या खडा ठेवायचा, मागे वळून खड्यांची रांग बघायचा आणि त्यावरून पुढची दिशा धरायचा. थेंब बोटाने टिपून बघायचा, त्यामुळे त्याची बोटं लाल झाली होती. मध्ये दोन ठिकाणी गवत दबलेलं होतं. तिथे ती बसली होती आणि आमच्या आवाजाने उठून पुन्हा चालू लागली होती. मल्लय्या प्रत्येक वेळी नुसता सुधीरकडे बघायचा.

असे दोन तास गेल्यावर झाडी संपली आणि एक मोठा उघडा खडक लागला. सपाट, काळा, अंगणाएवढा. त्याच्या बरोबर मध्यावर एक थेंब होता. रुपयाच्या नाण्याएवढा. त्याच्या पुढे काही नाही. खडकाच्या चारी बाजूंना बघितलं — काहीच नाही. जणू तिथून ती वर उचलली गेली.

मल्लय्या माझ्याकडे वळला. "बाण तुमने मारा. तो तुम इधर खडे रहना."

त्यांची ती रीतच होती. माग तुटला, की ज्याने मारलं त्याने शेवटच्या थेंबापाशी उभं राहायचं. बाकीचे पुढे शोधतात. बसायचं नाही, जागा सोडायची नाही. जनावर सापडलं तर हाक येते. सूर्य मावळेपर्यंत नाही सापडलं, तर थेंबावर पान ठेवायचं, पानावर दगड, हात जोडायचे, आणि मगच निघायचं. "नई तो वो खुला रह जाता," मल्लय्या म्हणाला. काय उघडं राहतं, ते त्याने सांगितलं नाही. मी मनात हसलो, पण थांबलो. सुधीरने माझ्याकडून धनुष्य घेतलं आणि ते तिघं झाडीत गेले.

आता मी जे पाहिलं ते नीट सांगतो, कारण पाहणं आणि लिहून ठेवणं हाच माझा धंदा आहे.

मी थांबलो तेव्हा दहा वाजायला आले होते. एप्रिलचं ऊन, खडक तापलेला. रक्त बाहेर आलं की थोड्या मिनिटांत गोठायला लागतं, तापल्या दगडावर तर कडा लगेच काळ्या पडून पापुद्रा धरतो. हा थेंब तसाच राहिला. लाल, भरलेला, चकचकीत. साडेदहा... अकरा... साडेअकरा. एक मुंगी फिरकली नाही, एक माशी बसली नाही. शेवटी मी वाकून बोट लावलं. ओलं. कोमट. कोमट तर खडकामुळेही असेल, म्हणा. पण माझ्या बोटावरचं मात्र बघता बघता सुकून काळं झालं, आणि खालचं तसंच!

बाराच्या सुमाराला शिट्टी ऐकू आली. मग दुसरी, आणि माणसांचे आवाज. फॉरेस्टवाले.

मी काय केलं असेल? पळालो असतो तरी एक वेळ ठीक होतं. मी खिशातून रुमाल काढला आणि तो थेंब पुसला. पुरावा नको म्हणून. नीट, घासून, दगडावर काही उरलं नाही याची खात्री करून. आणि मग जीपकडे गेलो, चेहरा सहलीला आलेल्या माणसासारखा ठेवून.

जीपपाशी तीन गार्ड उभे होते. सुधीरने धनुष्याचे भाग सुटे करून चादरीत गुंडाळून सीटखाली टाकले होते. आमचे कपडे, सुधीरचा कॅमेरा, त्याचं इंग्रजी... सीटखाली कोणी बघितलंच नाही. मल्लय्याची बोटं मात्र सगळ्यांना दिसली. आणि कमरेचा विळा.

चौकीवर नेलं. पत्र्याची एक खोली, टेबल, लाकडी बाक. तिथला साहेब वयस्कर होता, थकलेला. त्याच्या माणसांना सकाळी खड्यांची रांग आणि रक्त सापडलं होतं. "जनावर जखमी झालंय हे नक्की," तो आम्हाला इंग्रजीत म्हणाला. "मला नोंद करावी लागेल. कोणी मारलं?"

मल्लय्या जमिनीवर उकिडवा बसून आमच्याकडे बघत होता. तो वाट बघत होता, हे मला आज कळतं. तो स्वतःहून आमचं नाव घेणार नव्हता. आम्ही घेऊ, असं त्याला वाटत होतं.

सुधीर म्हणाला, "आम्ही टूरिस्ट आहोत, सर. हा नुसता वाट दाखवायला होता. तो मध्येच कुठेतरी गेला, आम्हाला काही कल्पना नाही."

ख्वाजाने मान खाली घातली.

साहेबाने सुस्कारा सोडला. त्याचा लिहिणारा कारकून रजेवर होता. त्याने कोरे कागद आणि कार्बन पुढे सरकवला. "याचा जबाब इंग्रजीत लिहावा लागेल. कोणाचं अक्षर बरं आहे?"

सुधीरने कागद माझ्याकडे सरकवले. त्याने माझ्याकडे बोट केलं. "याचं. कॉलेजात याच्या जर्नल्स सगळे उतरवायचे."

आणि मी लिहिलं.

मला कोणी धमकावलं नव्हतं. दोन ओळींत भागलं असतं — हा माणूस रानात होता, हाताला रक्त होतं, इतकं. पण माझ्या हातात पेन आलं, पुढे कोरा कागद, आणि समोर एक अधिकारी मी काय लिहितो ते बघतोय... मी लॅबचा रिपोर्ट लिहितो तसा लिहिला. क्रमांक घालून. दिनांक, वेळ, ठिकाण. मी अमुकचा मुलगा मल्लय्या, स्वतःच्या बांबूच्या धनुष्याने चितळाची मादी मारण्याच्या हेतूने रानात शिरलो. सोबतच्या तीन गृहस्थांना याची माहिती नव्हती. मी याआधीही असं केलेलं आहे. हे मी स्वखुशीने, पूर्ण शुद्धीवर, कोणत्याही दबावाशिवाय सांगत आहे. एक खाडाखोड नाही. 'याआधीही' हे तर कोणी सुचवलंही नव्हतं. ते वाक्य तिथे शोभतंय असं मला वाटलं!

साहेबाने वाचलं आणि म्हणाला, "फर्स्ट क्लास ड्राफ्टिंग. काय शिकलात?"

"बी.एस्सी.," मी म्हणालो. आणि मला बरं वाटलं. त्या खोलीत, त्या वेळी, मला बरं वाटलं. हे वाक्य लिहायलाच मी इतकी वर्षं घेतली आहेत.

मल्लय्याने विचारलं, "क्या लिखे सारू?"

"तुमको छोडने के वास्ते लिखा," मी म्हणालो.

त्याने मान डोलावली. पहिला ठसा फिसकटला, म्हणून दुसऱ्या वेळी मी स्वतः त्याचा अंगठा धरला, पॅडवर टेकवला आणि कागदावर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला हळूच लोळवला. माझ्या बाबांनीही आयुष्यभर असेच अंगठे दिले. कुठल्या कागदावर काय लिहिलं होतं हे त्यांना कधी कळलं नाही, म्हणून तर मला शाळेत घातलं होतं. वरची प्रत साहेबाकडे गेली, कार्बनची मल्लय्याला दिली. त्याने ती चौघडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली.

अंगठा पुसता पुसता तो हळूच म्हणाला, "सारू, वो बूंद के पास कौन खडा है?"

"कोई नहीं," मी म्हणालो.

बस्स. त्यानंतर त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

परतीच्या वाटेवर सुधीर म्हणाला, "म्हातारा माणूस आहे रे, दोन दिवसांत सोडतील." ख्वाजा जीप चालवत होता. शहर आल्यावर म्हणाला, "तू लिखा मियाँ, मैं चुप बैठा. दोनों बराबर."

दोन दिवस नाही, मल्लय्या नऊ महिने आत राहिला. नंतर जामिनावर सुटला, पण तारखा चालूच.

आता रुमाल.

सुनंदाने, म्हणजे बायकोने, दुसऱ्या दिवशी पँट धुवायला घेतली. "अहो, हा रुमाल कशात बुडवून आणला? ओलाच आहे अजून." मी म्हणालो, ख्वाजाचा हात कापला होता. तिने साबण लावला, ब्रशने घासला, वाळत टाकला. रुमाल पांढरा झाला. संध्याकाळी तिने घडी करायला घेतला तर मध्ये तोच डाग, नाण्याएवढा, लाल, ओला. तिने दोनदा धुतला. तिसऱ्यांदा माझ्यासमोर आणून आपटला. "हे काय आहे ते मला सांगा, नाहीतर बाहेर फेका."

फेकवला नाही. मी तो लॅबमध्ये नेला. औषधाच्या पावडरीत किती ओल आहे हे काढायची आमची एक साधी टेस्ट असते — नमुना तोलायचा, एकशे पाच डिग्रीच्या ओव्हनमध्ये तापवायचा, पुन्हा तोलायचा. ओल उडून जाते, वजन कमी होतं, आणि मग एका जागी थांबतं. थांबलं, की नमुना कोरडा. मी डागाचा तुकडा कापून तीन तास ठेवला. वजन थांबलं. काट्याच्या हिशेबाने तो पूर्ण कोरडा होता. बोट लावलं... ओला. बंद काचपात्रात सिलिका जेलबरोबर ठेवला. ते खडे निळे असतात, ओल लागली की गुलाबी होतात. आठवडाभर खडे निळेच. डाग ओला. आणि गंमत म्हणजे बोट बाहेर काढलं की बोटावरचं सुकायचं, खडकावर झालं होतं तसंच. घरी उरलेल्या रुमालात मध्ये भोक होतं, त्या भोकाच्या कडा लाल व्हायला लागल्या. शेवटी मी तुकडा आणि रुमाल दोन्ही एका बूच लावलेल्या बाटलीत घातले आणि कपाटात मागे ठेवून दिले.

याचं उत्तर एकच होतं आणि ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. जायचं. कोर्टात उभं राहायचं आणि सांगायचं, की बाण मी मारला, कागद मी लिहिला, त्यातलं एकही वाक्य त्याचं नाही. मल्लय्या जिवंत होता, केस चालू होती, म्हणजे वेळ होती. पण मग केस माझ्यावर. नोकरी जाणार. बाबांनी पोती उचलून जे केलं ते एका दिवसात मातीत. मी स्वतःला हेच सांगायचो, बाबांचं नाव पुढे करून.

एकदा गेलोही. निम्म्या रस्त्यात बस चहाला थांबली. मी उतरलो, मिरची भजी खाल्ली आणि समोरून येणाऱ्या हैदराबादच्या बसमध्ये चढलो. सुधीर तोवर अमेरिकेत कायमचा गेला होता. एसटीडी-आयएसडी बूथवरून त्याला फोन लावला तर म्हणाला, "उत्तम, तू इमोशनल होतोयस. कायदा फार कडक आहे. गप्प बस."

मी गप्प बसलो. सहा वर्षं. मुलगी झाली, कुकटपल्लीत फ्लॅट झाला, शहराच्या पश्चिमेचे खडक फोडून काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. मी सीनियर झालो. पावसाळ्यात, उन्हाळ्यात, कधीही बाटली काढून बघितली की डाग ओला.

मग एका वर्षी बतुकम्माच्या, म्हणजे इकडच्या फुलांच्या सणाच्या, शेवटच्या दिवशी, खाली कॉलनीतल्या बायका फुलं रचत होत्या, सुनंदा कपाट आवरायला बसली आणि तिने हाक मारली. "अहो... इकडे या जरा."

डाग तपकिरी झाला होता. कडक. नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला. जुन्या रक्ताचा डाग असतो तसा, अगदी साधा.

मला इतकं हलकं वाटलं! सुटलो असं वाटलं. मी मुलीला खांद्यावर घेऊन खाली गेलो, बायकांची गाणी ऐकली, येताना खुबानीचा मिठा घेऊन आलो. सुनंदाही हसली.

तीन आठवड्यांनी ख्वाजा भेटला. बोलता बोलता म्हणाला, "मल्लय्या गया, मालूम? वो बतुकम्मा के आखरी दिन. सुबू सुबू."

दुसऱ्या दिवशी मी बसमध्ये बसलो. चहाला उतरलोच नाही.

मल्लय्याची मुलगी लक्ष्मम्मा दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. चाळिशीची असेल. बोलणं तेलुगूत झालं, मी आठवेल तसं मराठीत देतो. मी म्हणालो, शहरातून आलोय, तुमच्या वडिलांना ओळखत होतो. तिने खाट टाकली, पाणी दिलं. नाना, म्हणजे तिचा बाप, जामिनावर आल्यापासून दर आठवड्याला त्या खडकावर जायचा, म्हणाली. "सूर्य मावळेपर्यंत उभा राहायचा. आम्ही म्हणायचो, काय आहे तिथे? म्हणायचा, तिथे कोणीतरी थांबायला हवं. शेवटी पाय चालेनात, तर मला म्हणायचा तू जा. मला विड्या सोडून कुठलं जमतंय?"

मी ग्लास हातात धरून बसलो होतो.

मग तिने विचारलं, "सारू, तुम्हाला इंग्रजी वाचता येतं?"

मी हो म्हणालो. ती आत गेली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला कागद घेऊन आली. घडीवर फाटलेला, पण डाग नाही, चुरगळा नाही. माझं अक्षर मी लांबूनच ओळखलं.

"हा त्याचा सुटकेचा कागद," ती म्हणाली. "एका शिकलेल्या सारूने लिहून दिला होता. नाना म्हणायचा, यात सोडा म्हणून लिहिलंय, फक्त जज्जाने तो नीट वाचला पाहिजे. वकील आमच्याशी कधी धड बोलला नाही. एकदा नानाने हा दाखवला तर म्हणाला, कागद एकदम पक्का आहे. नाना इतका खूश झाला होता... मग सोडलं का नाही? तुम्ही वाचा आणि सांगा."

मी वाचला. पहिल्या क्रमांकापासून शेवटपर्यंत, तेलुगूत करून, एक शब्द न गाळता. 'याआधीही' सुद्धा. 'स्वखुशीने' सुद्धा. वाचून झाल्यावर तिने सूप बाजूला सारलं.

"कोणी लिहिला?"

"मी."

ओरडली नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी घेतल्या असत्या. ती म्हणाली, "दुसरा लिहा. खरा."

"आता त्याचा उपयोग—"

"मी उपयोग विचारला का?"

माझ्या बॅगेत वही होती. मी लिहायला बसलो. पहिला कागद एका बैठकीत खाडाखोड न करता झाला होता, या वेळी चार कागद फाडले. बाण कोणी मारला, रक्त कोणी पुसलं, अंगठा कोणी धरला. इंग्रजीत लिहिलं आणि तिला तेलुगूत वाचून दाखवलं. तिने दोन ठिकाणी थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. मग मी खाली सही केली. माझी सही चांगली आहे, तिरकी, खाली रेघ मारलेली.

तिने कागद बघितला आणि मान हलवली. "हे नको. अंगठा."

मी आयुष्यात कधी अंगठा दिला नव्हता. शाळेच्या दाखल्यापासून लग्नाच्या नोंदणीपर्यंत सगळीकडे सही. बाबा माझी सही लोकांना दाखवायचे. मी पेनाला टोपण लावलं. ती आत जाऊन तव्याच्या बुडाची काजळी बोटावर घेऊन आली, माझा अंगठा धरला, काळा केला आणि सहीच्या खाली टेकवला. घट्ट. मग दोन्ही कागद एकाच पिशवीत घालून ती आत ठेवून आली. त्या कागदाचं ती काय करेल ते मी विचारलं नाही. अजून तरी कोणी माझ्या दारात आलेलं नाही. आलं तर मी नाही म्हणणार नाही.

तिथून मी खडकावर गेलो. सूर्य मावळेपर्यंत उभा राहिलो. काही झालं नाही. काही दिसलं नाही. कुठे उभं राहायचं तेही नीट कळेना, कारण खूण मीच पुसली होती. अंदाजाने एका जागी पान ठेवलं, पानावर दगड, हात जोडले.

ती मादी कुठे गेली, थेंब सहा वर्षं का वाळला नाही, वाळला तर त्याच दिवशी का — मी पुष्कळ डोकं चालवलं. कोणी शास्त्राने समजावून दिलं तर मला बरंच वाटेल, पण मी आता वाट बघत नाही.

गावाच्या वेशीवर बोअरिंगचा हापसा होता. बस यायला वेळ होता म्हणून मी तो मारला आणि हात पुढे केला. काजळी साध्या पाण्याने गेली. साबणसुद्धा लागला नाही. अंगठा पहिल्यासारखा स्वच्छ झाला, आणि मी तो बघत तसाच उभा राहिलो, बस येईपर्यंत.